हार्ड डिस्कचं हेड टेकतं कुठे?

ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर हलवायचा असला तर आधी ‘पार्क’ अशी कमांड द्यावी लागे. मग हार्ड डिस्कमधलं हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, फिरत्या तबकडीच्या रिकाम्या पट्टीवर जाऊन बसायचं. हे विसरून टेबलाला धक्का लागला, तर हेडखालचा डेटा खरवडला जाण्याची भीती. डिस्क किती वर्षं टिकते, याची गोष्ट बरीचशी या टेकण्याची आहे.

१९५६ साली आयबीएमच्या ‘रॅमॅक’मध्ये २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि त्यांत मावत होती जेमतेम ५० लाख अक्षरं. हेड तबकडीला घासू नये म्हणून कॉम्प्रेसरने हवा सोडत. पुढे तबकडीच्या फिरण्यानेच जो हवेचा थर तयार होतो, त्यावर हेड तरंगू लागलं. आज हे अंतर काही नॅनोमीटरच आहे. धुळीचा साधा कण तिथे धोंड्यासारखा.

१९७३च्या ‘विंचेस्टर’ डिस्कमध्ये हेड आणि तबकड्या एकत्र बंद झाल्या. तबकडीवर वंगणाचा थर दिला आणि डिस्क थांबली की हेड तिच्यावरच उतरू लागलं. म्हणजे दर चालू-बंदला थोडी घासाघीस आलीच. तबकड्या जास्त गुळगुळीत झाल्या तेव्हा वेगळीच पंचाईत झाली: हेड चिकटून बसे, मोटर फिरेना. मग दुरुस्तीवाले डब्याला हलकीच टपली मारत, आणि ती लागूही पडे!

नव्वदच्या दशकात लॅपटॉपच्या डिस्कमध्ये हेडने तबकडीवर न टेकता चढून बसावं म्हणून कडेला छोटा उतार आला. पण तिथे चढ-उतार करण्यालाही मर्यादा असते, साधारण ३ ते ६ लाख वेळा. वीज वाचवण्यासाठी काही डिस्क आठ सेकंद काम नसलं की हेड बाजूला नेत. मिनिटाला एकदा असं झालं तरी ३ लाखांचा आकडा सात महिन्यांत संपतो. अचानक वीज गेली तर फिरत्या तबकडीचा उरलेला वेगच वीज बनवून हेडला घाईने घरी पोचवतो. युक्ती सुरेख आहे, पण झटका जोराचा. लोडशेडिंगच्या काळात आपल्याकडच्या यूपीएस नसलेल्या डिस्कनी असे किती सोसले असतील!

कंपन्या मात्र आयुष्य सांगत १० लाख तास, म्हणजे ११४ वर्षं. हा आकडा एका डिस्कचा नाहीच; हजार डिस्क हजार तास चालवल्या तर सरासरी एक बिघडेल, एवढाच त्याचा अर्थ. २००७ साली एकाच परिषदेत दोन अभ्यास मांडले गेले. कार्नेगी मेलन विद्यापीठाला दिसलं, की माहितीपत्रकं वर्षाला एक टक्क्याहून कमी बिघाड सांगत असताना प्रत्यक्षात २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागतात. गुगलने लाखाहून जास्त डिस्क पाहिल्या, तेव्हा उष्णतेचा दोष समजुतीपेक्षा कमी निघाला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता मात्र चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. आणि बंद पडलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त डिस्कनी, आत ‘स्मार्ट’ नावाची पहारेकरी यंत्रणा असूनही, आधी काहीच कळवलं नव्हतं.