क्रोशाचे मूळ टाके

आकड्याच्या एकाच सुईने दोऱ्याचे फास एकमेकांतून ओढत केलेले विणकाम म्हणजे क्रोशा. शब्द फ्रेंच, अर्थ ‘छोटा आकडा’. दोन सुयांच्या विणकामात सगळी घरे सुईवर असतात. इथे एका वेळी एकच फास उघडा राहतो. त्यामुळे चूक उसवणे सोपे, आणि टोक पक्के न केल्यास अख्खा रुमाल उसवणेही तितकेच सोपे.

सुरुवात साखळीने, म्हणजे एकातून एक ओढलेल्या फासांच्या ओळीने. साखळीत सुई घालून दोरा ओढला की सुईवर दोन फास येतात. दोन्हींतून दोरा एकदम काढला की मुका खांब. सुई घालण्याआधी दोऱ्याचा एक वेढा घेतला तर फास तीन होतात. ते एकदम काढले तर अर्धा खांब, दोन-दोन करून काढले तर खांब. मुका खांब अमेरिकी पुस्तकात ‘सिंगल’, तर ब्रिटिश पुस्तकात ‘डबल’ असतो. मराठी नावांत हा घोळ नाही.

टाक्याची उंची वाढली की कापड सैल, झिरझिरीत आणि लवचीक होते. नागपुरात पारा 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांवर चढला होता, 29 डिसेंबर 2018 रोजी 3.5 वर उतरला होता. अशा गावात बाळाचे थंडीतले टोपरे लोकरीचे, मुक्या किंवा अर्ध्या खांबाचे हवे. उन्हाळ्यातला झबल्यावरचा कोट सुती दोऱ्याचा, खांब-साखळीच्या जाळीचा. मुक्या खांबाचे कापड घट्ट नि ताठ. कापूस भरून विणलेले शोभेचे संत्रे त्यातच करावे, खांबात केले तर भोकांतून कापूस डोकावतो. सुई एक नंबर जाड घेतली तरी तोच टाका मऊ पडतो, हे शिकणाऱ्यांना बहुधा उशिरा कळते.

गोल विणताना गणित लागते. मुक्या खांबाच्या गोलात दर फेरीला साधारण 6 टाके वाढवायचे, खांबाच्या गोलात 12. कमी वाढवले तर रुमालाची वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर सुटते. टोपऱ्याला वाटीच हवी असते, म्हणून तिथे पुढे वाढवणे थांबवतात.

सरळ पट्टीत ओळ बदलताना टाक्याच्या उंचीइतक्या साखळ्या घ्याव्यात: मुक्याला 1, अर्ध्याला 2, खांबाला 3. खांबाच्या ओळीत या 3 साखळ्या पहिला खांब म्हणून धरतात आणि परतताना त्यांच्या डोक्यावर शेवटचा खांब घालतात. तो राहिला की दर ओळीला एक टाका गळतो आणि मफलर टोकाकडे निमुळता होतो.