टाकसाळीत चुकलेल्या नाण्याची पारख (कोकण किनारा)

चकती कापताना किंवा छाप मारताना बिघडलेले आणि तपासणीतून निसटून चलनात आलेले नाणे म्हणजे चुकीचे नाणे. संग्राहक त्याला सरळ ‘एरर’ म्हणतात. चूक खरोखर टाकसाळीतली आहे का, ती किती ठळक आणि किती विरळा आहे, नाणे कोणत्या अवस्थेत आहे आणि ते घेणारा कोणी आहे का, यांवर त्याचे मोल ठरते. कोकणात यातला पहिला प्रश्नच सर्वांत अवघड. खारे वारे, रेती, मासळीचे पाणी आणि चार महिन्यांचा पाऊस नाण्यावर इतके काही करून ठेवतात, की डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत ‘एरर’ म्हणून दाखवली जाणारी पुष्कळ नाणी टाकसाळीत बिघडलेली नसतात; ती इथल्या हवापाण्याने खाल्लेली असतात.

आधी एक जुनी गोष्ट लक्षात घ्यावी. कोकणातल्या घरांत अजून शिवराई, म्हणजे मराठा काळातले तांब्याचे नाणे, सापडते. तिच्यावरची ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे क्वचितच पुरी उमटलेली असतात. कुठे ‘राजा’ अर्धा, कुठे ‘शिव’ काठाबाहेर. ती चूक नव्हे. छाप हाताने, हातोड्याच्या घावाने मारला जाई आणि साचा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून अक्षरे तुटत. प्रत्येक नाणे हुबेहूब सारखे असावे ही अपेक्षा यंत्राबरोबर आली आणि चुकीला किंमतही तेव्हापासूनच आली. त्यामुळे शिवराईची अक्षरे सरकलेली आहेत म्हणून जादा पैसे मागणे योग्य नाही. आजच्या पाच रुपयांवरचा अशोकस्तंभ तितकाच सरकला असेल, तर मात्र ते नाणे बाजूला काढावे.

आजचे नाणे धातूच्या पट्टीतून कापलेल्या चकतीपासून बनते. चकतीची कड उचलून घेतात, मग ती कॉलर नावाच्या कड्यात बसवून वरखाली दोन साच्यांमध्ये दाबतात. खरी चूक या क्रमात कुठेतरी झालेली असते आणि तिच्या खुणा त्या दाबाशी जुळतात. पारख म्हणजे या खुणा वाचणे.

मधला गोल नसलेले दहाचे नाणे तळहातावर घ्या. अशी नाणी नेहमी दाखवायला आणतात. दहाच्या नाण्यात बाहेरचे कडे आणि आतला गोल एकाच दाबाखाली एकमेकांत घट्ट बसतात. गोल नसतानाच छाप पडला असेल, तर कड्याचा धातू मोकळ्या जागेकडे ओघळतो. भोक आत सरकलेले, किंचित वेडेवाकडे आणि ओठ गोलसर दिसतात. गोल नंतर ठोकून काढला असेल, तर भोक बरोबर मापाचे असते, आतल्या भिंतीवर खरवडल्याचे ओरखडे असतात आणि एका बाजूची कड बाहेर वळलेली असते. भिंग घेऊन खिडकीच्या उजेडात पाहिले की हा फरक मिनिटभरात कळतो. नाणे मुद्दाम मोडणे हा 2011च्या नाणे कायद्याखाली गुन्हा आहे, हेही सांगून ठेवावे.

चंद्रकोरीसारखा तुकडा उडालेले नाणे, म्हणजे ‘क्लिप’, तपासायला याहून सोपे. पट्टीतून चकती कापताना आधीच्या भोकावर पुन्हा पात्याचा घाव पडला की चकती अपुरी निघते. चकतीची कड उचलताना त्या बाजूला दाब नीट बसत नाही, म्हणून तुकड्याच्या बरोबर समोरची कड पुसट राहते; छाप पडल्यावर तुकड्याजवळची अक्षरे जराशी ताणलेली दिसतात. कानसीने घासलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते आणि अक्षरे सुरीने कापल्यासारखी तुटतात.

एका बाजूला नेहमीचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटे, खोलगट उमटलेले असेल, तर ते ‘ब्रोकेज’. आधीचे नाणे साच्याला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर साच्याऐवजी त्याचाच ठसा बसतो. दोन नाणी शिकंज्यात आवळून याची नक्कल करतात, पण तसे केल्यास मागची बाजू चेपते. साचा फिरल्यामुळे होणारी चूक तर घरीच कळते. भारतीय नाणे डावीकडून उजवीकडे पान उलटल्यासारखे फिरवले की दोन्ही बाजू सरळ उभ्या दिसायला हव्यात. थोडा कल सर्रास आढळतो, त्याला मोल नाही. पूर्ण आडवी किंवा उलटी बाजू असेल तर ती विचारात घ्यावी.

वजनासाठी सराफाचा काटा उत्तम. ओळखीचा सोनार नाही म्हणत नाही. 1992 नंतरचा स्टीलचा रुपया 4.85 ग्रॅम भरतो आणि त्याच काळातले पन्नास पैसे 3.79 ग्रॅम. रुपयाचा छाप पन्नास पैशांच्या चकतीवर पडला, तर काटा लगेच सांगतो. मात्र आधी साल पाहावे. 2011च्या मालिकेत रुपयाच 3.79 ग्रॅमचा आणि दोन रुपये 4.85 ग्रॅमचे झाले. साल न पाहता वजन केलेल्या माणसाला नवा रुपया ‘चुकीच्या चकतीवरचा’ वाटतो.

आता समुद्राचे काम. 2011 नंतरचे पाचाचे पितळी नाणे खाऱ्या पाण्यात राहिले की जस्त झिरपून जाऊन वर तांब्याची लाली येऊ शकते. ‘तांब्याचे पाच रुपये’ म्हणून दाखवलेले नाणे अनेकदा हेच असते. स्टीलच्या नाण्याला बारीक खड्डे आणि गंजाचे ठिपके पडतात, रेतीत घासून अक्षरे नाहीशी होतात, आणि मग ते कोरी चकती असल्यासारखे दिसते. खऱ्या कोऱ्या चकतीचे वजन भरते आणि तिचा पृष्ठभाग एकसारखा असतो. झिजलेले नाणे हलके भरते; तिरक्या उजेडात स्तंभाची पुसट सावली सहसा दिसतेच.

नक्षीतला फरक म्हणजे चूक नव्हे. दहाच्या नाण्यावरच्या किरणांसारख्या रेषा कुठे दहा, कुठे पंधरा आहेत, दोन्ही बरोबर. दहाची नाणी तोपर्यंत 14 वेगवेगळ्या नक्षींत निघाली असून सर्व वैध आहेत, हे रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये स्पष्ट केले. टाकसाळीच्या खुणांचेही तसेच. सालाखाली मुंबईची पत्त्यातल्या चौकटसारखी खूण, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका असतो. कोलकात्याची खूण नसते. खूण दिसत नाही म्हणून नाणे विरळा ठरत नाही.

चूक खरी ठरली की मगच किमतीचा विषय निघतो. काठाजवळ जेमतेम सरकलेला छाप हौशी माणूस दर्शनी किमतीच्या थोडा वर घेतो. अर्धी चकती कोरी राहूनही साल आणि खूण वाचता येत असेल, तर मागणी चांगली वाढते. त्याहून वर ब्रोकेज, चुकीच्या चकतीवरचा छाप, आणि दोन वेगळ्या नाण्यांचे साचे एकत्र आलेले नाणे. यांत शेवटचे सर्वांत विरळा आणि त्याची नक्कलही सर्वांत जास्त होते, तेव्हा जाणकाराने पाहिल्याशिवाय त्यावर पैसे लावू नयेत. ऑनलाइन जाहिरातीतल्या लाखांच्या आकड्याला आधार धरू नये. प्रत्यक्ष लिलावात कोणी मोजलेली रक्कम हीच किंमत. जुनी नाणी विकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कर मागणारे फसवे आहेत, असा इशारा बँकेने 2021 मध्ये दिला आहे.

कोकणी घरात नाण्याचे खरे नुकसान होते ते प्रेमापोटी. तांब्याची भांडी लख्ख करायला आमसूल आणि चिंच हाताशी असते, आणि सापडलेले नाणेही त्याच हाताने घासले जाते. आम्ल वरचा थर खाते आणि टाकसाळीची मूळ झळाळी परत येत नाही. संग्राहक असे नाणे ओळखतो आणि किंमत बरीच उतरवतो. माती लागलेले नाणे साध्या पाण्यात भिजवून न चोळता टिपावे, एवढेच पुरे. पावसाळ्यात ते मऊ पीव्हीसी पाकिटात ठेवू नये, त्याने पितळ-तांब्यावर चिकट हिरवट डाग येतात; पुठ्ठ्याच्या चौकटीत घालून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे आणि पुड्या मधूनमधून बदलाव्यात.