भंगारातून धावपट्टीवर: युद्धकाळातल्या विमानांचे माहितीपट आणि त्यांची पूर्वपीठिका

दुसऱ्या महायुद्धातलं मोडकं विमान पुन्हा उडवण्याच्या माहितीपटांचा साचा आता पाठ झाला आहे. सुरुवातीला वाळूतून, दलदलीतून किंवा बर्फातून डोकावणारा, पोचे पडलेला सांगाडा. मग हँगर, ठोकाठोक, पैसे संपत आल्याची कुजबुज, डोळे पुसणारा नव्वदीतला वैमानिक आणि शेवटच्या दहा मिनिटांत धूर ओकत सुरू होणारं इंजिन. १९९५ साली डिस्कव्हरी वाहिनी भारतात आली तेव्हापासून आपल्याकडेही याचे भक्त आहेत. पण हे विमान इतकी वर्षं उरलंच कसं, हा प्रश्न बहुतेक माहितीपट दोन वाक्यांत उरकतात. मला विचाराल तर खरी गोष्ट तिथेच आहे, आणि तिचा एक मोठा तुकडा कानपूर आणि पुण्यात घडला आहे.

युद्ध संपलं तेव्हा या विमानांना किंमत नव्हती. स्पिटफायर ही ब्रिटिश लढाऊ विमानं वीस हजारांवर बनली होती, बी-२४ लिबरेटर हे अमेरिकी बॉम्बर अठरा हजारांवर. जेट आल्यामुळे ती एका रात्रीत जुनी झाली. अमेरिकेत ॲरिझोनातल्या किंगमनच्या वाळवंटात पाच हजारांहून अधिक विमानं आणून उभी केली गेली आणि बहुतेक सगळी वितळवून त्यांचं ॲल्युमिनियम विकलं गेलं. जतन वगैरे कल्पना तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हती.

उरली ती मुख्यतः ज्यांना नवी परवडत नव्हती त्यांच्याकडे. याचा पहिला मोठा पुरावा सिनेमाने दिला. १९४० मधल्या ब्रिटन-जर्मनी हवाई लढाईवरच्या, १९६९ च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ चित्रपटासाठी रॉयल एअर फोर्सचे निवृत्त अधिकारी हॅमिश महॅडी यांनी जुनी विमानं अक्षरशः हुडकून काढली. ‘जर्मन’ विमानं मिळाली ती स्पेनमध्ये. तिथलं हवाई दल ती साठच्या दशकातही वापरत होतं, आणि गंमत म्हणजे मेसरश्मिट या जर्मन लढाऊ विमानाच्या स्पॅनिश आवृत्तीत ब्रिटिश रोल्स-रॉईस मर्लिन इंजिन होतं. चित्रीकरण संपल्यावर यातली बरीच विमानं हौशी लोकांच्या हाती गेली. सुटे भाग, कारागीर, उडवणारे वैमानिक असा सगळा गोतावळा या चित्रपटाभोवती जमला आणि पुढे टीव्हीला आयता मिळाला.

आता कानपूर. अमेरिकेने ब्रिटनला उसनवारीच्या करारावर दिलेली लिबरेटर विमानं युद्धानंतर परत तरी करायची होती किंवा निकामी तरी. कानपूरच्या तळावर ब्रिटिशांनी दुसरा मार्ग धरला. इंजिनांत वाळू ओतली, उपकरणं फोडली, सांगाड्यांवर वाहनं घातली. स्वतंत्र भारताला बॉम्बर हवे होते आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. मग बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगाऱ्यातून त्यातल्या त्यात धड विमानं निवडली, जेमतेम उडतील इतकी दुरुस्त केली आणि कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळुरूला उडवत नेली. तिथे त्यांची नीट उभारणी झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये पाचव्या स्क्वाड्रनला पहिली विमानं मिळाली. अशी चाळीसेक विमानं पुन्हा उभी राहिली. पुढे पुण्याच्या लोहगाव तळावरच्या सहाव्या स्क्वाड्रनने ती समुद्रावर टेहळणीसाठी १९६८ पर्यंत वापरली. हा जगातला सर्वांत मोठा ‘रिस्टोरेशन प्रकल्प’ म्हणायला हरकत नाही. फक्त तो करताना तिथे कॅमेरा नव्हता आणि करणाऱ्यांना त्यात रोमँटिक असं काही वाटलंही नसेल.

निवृत्त झाल्यावर ही विमानं एकेक करून परदेशी गेली. एक १९७४ साली ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला मिळालं, एक ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयात आहे. अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनने १९८४ मध्ये घेतलेलं लिबरेटर १९८९ साली पुन्हा उडालं, तेही मूळचं भारतीय हवाई दलाचंच. हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाची कथा तर आणखी मजेदार. पीटर व्हॅशर हे इंग्रज गृहस्थ जुन्या रोल्स-रॉईस मोटारींच्या मागावर भारतात फिरत होते. १९८२ साली त्यांना बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात एक हरिकेन दिसलं. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी दिलेलं ते विमान, आर४११८, बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष लढलेलं निघालं. ते हाती यायला २००१ साल उजाडलं आणि डिसेंबर २००४ मध्ये ते इंग्लंडमध्ये उडालं.

टीव्हीवर या प्रकाराला वजन आणलं ते मात्र एका अपयशाने. फेब्रुवारी १९४७ मध्ये ‘की बर्ड’ नावाचं बी-२९ हे अमेरिकी बॉम्बर वाट चुकून वायव्य ग्रीनलंडमधल्या गोठलेल्या तळ्यावर उतरलं. अकराही जण तीन दिवसांत सुखरूप सुटले, विमान तिथेच राहिलं. १९९४ साली डॅरिल ग्रीनमायर हे माजी चाचणी वैमानिक मूठभर माणसं घेऊन तिथे पोहोचले. चारही इंजिनं बदलायची आणि विमान जिथे आहे तिथूनच उडवायचं, असा बेत. हिवाळा आड आला. रात्रंदिवस राबलेले मुख्य मेकॅनिक रिक क्रीगी तिथेच आजारी पडले आणि नंतर रुग्णालयात वारले. मे १९९५ मध्ये टोळी परतली, चारही इंजिनं सुरू झाली, विमान बर्फावर सरकू लागलं. तेवढ्यात मागच्या भागातल्या पूरक जनरेटरच्या टाकीतून पेट्रोल गळून आग लागली आणि अठ्ठेचाळीस वर्षं थंडीने जपलेलं विमान डोळ्यांदेखत जळालं. पीबीएस या अमेरिकी वाहिनीच्या ‘नोव्हा’ मालिकेत १९९६ साली हे सगळं दाखवलं गेलं. या प्रकारातला हाच सर्वांत प्रामाणिक माहितीपट, असं माझं मत आहे. त्यात हट्टाची किंमत दिसते.

नंतर पैसा आला आणि सूर बदलला. ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीने २०१४ साली मोटारसायकल शर्यतपटू गाय मार्टिनला घेऊन एन३२०० या स्पिटफायरची उभारणी दाखवली. मे १९४० मध्ये ते फ्रान्सच्या सांगातच्या किनाऱ्यावर पडलं होतं आणि १९८६ मध्ये वाळूतून वर आलं. अशा कार्यक्रमांत बघण्यासारखा असतो तो पत्र्याचा तपशील. स्पिटफायरमध्ये पत्रे जोडायला मॅग्नेशियम मिश्रधातूचे रिव्हेट (ठोकून बसवायच्या खिळ्या) असत, ते कालांतराने भुगा होतात, म्हणून सरसकट बदलावे लागतात. काही रिव्हेट आधी भट्टीत तापवून, लगेच थंड करून फ्रीजमध्ये ठेवतात; बाहेर काढले की कडक व्हायच्या आत ठोकायचे. एकजण बाहेरून हातोडा चालवणार, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरणार. हजारो वेळा.

असं करता करता मूळचा धातू किती उरतो? वाळूतून निघालेल्या विमानाच्या बाबतीत फार थोडा. ओळख टिकते ती क्रमांकाच्या पट्टीवर आणि कागदपत्रांवर. निवेदक यावरून अलगद पुढे सरकतो, कारण त्याच कागदांवर कोट्यवधींची किंमत ठरते. एन३२०० सोबत उभं केलेलं जोडीचं स्पिटफायर, पी९३७४, २०१५ साली लिलावात ३१ लाख पौंडांना गेलं.

माहितीपट पहिल्या उड्डाणाशी संपतो; देखभालीचं काम तिथून पुढे सुरू होतं. २ ऑक्टोबर २०१९ रोजी कॉलिंग्ज फाउंडेशनचं बी-१७ हे युद्धकाळातलं बॉम्बर प्रवाशांना घेऊन उडालं आणि कनेक्टिकटमधल्या ब्रॅडली विमानतळावर परत उतरताना कोसळलं. सात जण गेले. तपासात वैमानिकाच्या चुकीबरोबरच अपुऱ्या देखभालीवर बोट ठेवलं गेलं, आणि पैसे घेऊन प्रवासी नेण्याची संस्थेची परवानगी पुढच्या वर्षी काढून घेण्यात आली. भारतातून गेलेलं ते लिबरेटर याच संस्थेच्या ताफ्यात प्रवाशांना घेऊन गावोगाव फिरत होतं. त्याच्याही फेऱ्या थांबल्या.