सिरियल केबल जोडणी (जुने पोर्टेबल संगणक)

जुन्या पोर्टेबल संगणकातील मजकूर सिरियल केबलमधून आजच्या संगणकावर उतरवून घेणे, किंवा उलट दिशेने पाठवणे, म्हणजे सिरियल केबल जोडणी. १९८० च्या दशकातील या यंत्रांत यूएसबी किंवा वाय-फाय असण्याचा प्रश्नच नव्हता. अनेकांत तर फ्लॉपी ड्राइव्हही नव्हता. आरएस-२३२ हा सिरियल पोर्ट मात्र बहुतेकांना होता. १९६० मध्ये आलेले हे मानक टर्मिनल (दूरच्या संगणकाशी बोलण्याचे यंत्र) आणि मोडेम (टेलिफोनच्या तारेवरून माहिती पाठवणारे यंत्र) यांच्यासाठी आखलेले होते, आणि त्याच्या अपेक्षा फार थोड्या आहेत. एक तार पाठवायला, एक घ्यायला आणि एक ग्राउंडची, एवढ्यावर काम भागते. दोन्ही बाजू एकमेकींची ओळख विचारत नाहीत, म्हणूनच चाळीस वर्षांचे अंतर असलेली यंत्रेही एकमेकांशी बोलू शकतात. मात्र वेग, बिटांची संख्या, कोण कोणत्या पिनवर बोलणार हे सगळे माणसाने आधीच ठरवून द्यावे लागते. जोडणी फसते ती बहुधा इथेच.

या कामासाठी सर्वांत बोलके उदाहरण टीआरएस-८० मॉडेल १०० या यंत्राचे. क्योसेरा या जपानी कंपनीने बनवलेला हा संगणक टँडी या अमेरिकी कंपनीने १९८३ मध्ये बाजारात आणला. ४० अक्षरांच्या ८ ओळींचा पडदा, चार पेन्सिल सेल आणि उत्तम कीबोर्ड यांमुळे तो वार्ताहरांच्या विशेष पसंतीस उतरला. त्याच्या आतील मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमवर बिल गेट्स यांनी स्वतः काम केले होते. त्यातल्या फायली डिस्कवर नसतात, रॅममध्येच असतात. सेल बदलताना त्या टिकाव्यात म्हणून आत निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी असते. ही बॅटरी म्हातारी झाली की गळते आणि सर्किट बोर्डावरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. तेव्हा असे यंत्र हाती आले आणि सुरू झाले, तर साफसफाई, दुरुस्ती सगळे नंतर. आधी केबल लावून मजकूर बाहेर काढावा.

आजच्या संगणकाच्या बाजूला यूएसबी-सिरियल अडॅप्टर लागतो. तो आरएस-२३२ चाच आहे ना, हे नीट पाहून घ्यावे. आरएस-२३२ मध्ये उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ०. रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाच्या सिरियल पिना मात्र ० ते ३.३ व्होल्टवर चालतात. त्यांना जुन्या यंत्राची तार थेट लावली तर बोर्ड कायमचा बिघडू शकतो. मध्ये मॅक्स२३२ किंवा मॅक्स३२३२ यांसारखी पातळी बदलणारी चिप हवी.

दुसरा घोटाळा पिनांचा. एकाची पाठवणारी तार दुसऱ्याच्या घेणाऱ्या पिनवर गेली पाहिजे. अशी अदलाबदल करणाऱ्या केबलला नल मोडेम केबल म्हणतात. मॉडेल १०० च्या २५ पिनांच्या पोर्टवर २ ही पाठवण्याची, ३ ही घेण्याची आणि ७ ही ग्राउंडची पिन आहे. अडॅप्टरच्या ९ पिनांच्या बाजूला २ घेण्याची, ३ पाठवण्याची आणि ५ ग्राउंडची. म्हणजे इथे २ ला २, ३ ला ३ आणि ७ ला ५ जोडायचे. आकडे पाहता तारा सरळ वाटतात, पण ही जोडणी उलटापालटीचीच आहे. केंब्रिज झेड८८ या दुसऱ्या जुन्या पोर्टेबल संगणकाचा पोर्ट ९ पिनांचा असला तरी त्याची मांडणी वेगळी आहे, आणि एचपी २००एलएक्ससारख्या यंत्रांना त्यांची खास केबलच लागते. शंका असेल तर पोर्ट सुरू करून मल्टिमीटरची काळी सळई ग्राउंडवर व लाल एकेका पिनवर ठेवावी. शांत असलेली पाठवण्याची पिन उणे व्होल्ट दाखवते.

मॉडेल १०० मधल्या टेलकॉम या सिरियल पोर्टवरून मजकूर देण्याघेण्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘८८एन१ई’ अशी खूण द्यावी लागते. पहिला ८ म्हणजे ९६०० बॉड (इथे सेकंदाला ९६०० बिट), दुसरा ८ म्हणजे आठ बिट, ‘एन’ म्हणजे पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट) नाही, १ म्हणजे एक स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) आणि ‘ई’ म्हणजे ‘थांब-चल’ संकेत चालू. आजच्या संगणकावरील पुटी, टेरा टर्म किंवा मिनिकॉम यांसारख्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये हेच आकडे भरायचे. स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणून ९६०० बॉडवर सेकंदाला ९६० अक्षरे जातात. ३२ किलोबाइटची भरलेली मेमरी साधारण ३४ सेकंदांत रिकामी होते. ३०० बॉडवर त्यालाच १८ मिनिटे लागतात.

पडद्यावर काय दिसते त्यावरून दोष ओळखता येतो. काहीच दिसले नाही तर पिना तपासाव्यात. भलतीच चिन्हे आली तर वेग किंवा पॅरिटी जुळलेली नाही. सुरुवात नीट आणि मधली अक्षरे गायब, तर ‘थांब-चल’ची गडबड. जुने यंत्र भरत आले की १९ क्रमांकाचे अक्षर पाठवून ‘थांब’ म्हणते, जागा झाली की १७ क्रमांकाचे पाठवते. पण आजच्या संगणकाने अडॅप्टरकडे आधीच सोपवलेली अक्षरे ‘थांब’ आल्यावरही येतच राहू शकतात. अशा वेळी वेग उतरवावा, किंवा प्रत्येक ओळीनंतर थोडी उसंत द्यावी.

मजकूर जुन्या यंत्राकडे पाठवताना तो साध्या आस्कीत (इंग्रजी अक्षरे, अंक व मोजकी चिन्हे यांच्या जुन्या संचात) असावा. आजचे वळणदार अवतरणचिन्ह यूटीएफ-८ या आजच्या अक्षरसंकेतात तीन बाइटचे असते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्हही. जुने यंत्र त्यांची तीन वेगळीच चिन्हे करून दाखवते. ओळ संपवण्याची रीतही निराळी असल्याने उतरवलेली फाइल कधी कधी एकच लांबलचक ओळ होऊन बसते.

टेलकॉम फक्त मजकूर पाठवतो आणि चूक तपासत नाही. प्रोग्रॅमसारख्या फायलींसाठी वॉर्ड क्रिस्टेन्सन यांचा १९७७ चा एक्समोडेम किंवा कोलंबिया विद्यापीठातील १९८१ चा करमिट ही फाइल पाठवण्याची पद्धत उपयोगी पडते. यांत मजकुराचे तुकडे होतात आणि चुकलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. मॉडेल १०० साठी आणखी एक सुंदर वाट आहे. टँडीचा बाहेरून लावायचा डिस्क ड्राइव्ह सिरियल पोर्टवरच चालत असे. आजच्या संगणकावर त्या ड्राइव्हचे सोंग घेणारा प्रोग्रॅम चालवला की जुने यंत्र निःशंकपणे फायली ठेवते आणि काढते.

केबल लावून जुने यंत्र टर्मिनल म्हणूनही वापरता येते. लिनक्सवर त्या पोर्टसाठी लॉगिन सुरू केले की मॉडेल १०० वरून थेट आज्ञा देता येतात. मात्र पडदा ८ ओळी आणि ४० स्तंभांचा आहे हे ‘एसटीटीवाय’ आज्ञेने सांगावे लागते, नाहीतर मजकूर संपादनाच्या प्रोग्रॅमचा पडदा पार विस्कटतो.