पार्श्वभूमी: नवजात बाळाला जेंटामायसिन कोणी द्यायचं?

जेंटामायसिन हे जंतू मारणारं प्रतिजैविक 1963 सालचं. त्याच कुळातलं स्ट्रेप्टोमायसिन त्याआधीच क्षयरोगावर वापरात होतं, त्यामुळे या औषधांनी कानाला इजा होऊ शकते हे डॉक्टरांना ठाऊक होतं. जेंटामायसिन देताना मूत्रपिंडालाही जपावं लागतं. पोटात घेतलं तर ते रक्तात जवळजवळ उतरतच नाही, म्हणून सुईला पर्याय नाही. साहजिकच ते रुग्णालयाचं औषध ठरलं.

या समजाला धक्का बसला तो गडचिरोलीत. तिथल्या 39 गावांत एका संस्थेने 1995 पासून घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली. जेमतेम शिकलेल्या गावातल्याच बायकांना बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुदोषाची लक्षणं ओळखायला शिकवलं. दुसऱ्या वर्षापासून त्या जेंटामायसिनची सुई आणि तोंडाने को-ट्रायमॉक्सॅझोल हे दुसरं प्रतिजैविक देऊ लागल्या. 1999 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जंतुदोष झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आलं होतं. एकूण नवजात मृत्युदर हजारी 62 होता, तो 25.5 झाला.

आक्षेप तरीही आले, आणि सगळे क्षुल्लक नव्हते. मोजक्या गावांत, रोजच्या देखरेखीखाली जमलं ते देशभर जमेल का? सर्दीच्या बाळालाही सुई टोचली जाईल का? पण आक्षेपांचा मोठा भाग सुई कोणाच्या हातात असावी याच एका प्रश्नावर अडून राहिला. रस्ता नाही, गाडी नाही, बाळंतिणीला घराबाहेर पाठवायला घरचे तयार नाहीत, अशा वेळी त्या बाळाला काय मिळतं, याचं उत्तर आक्षेप घेणाऱ्यांकडून फारसं आलं नाही.

2011 मध्ये घरभेटींची ही पद्धत देशभर आशा सेविकांमार्फत सुरू झाली. वजन, ऊब, स्तनपान, धोक्याच्या खुणा हे सगळं त्यात आलं. सुई मात्र वगळली. ज्या उपचाराने जंतुदोषाची बाळं वाचली होती, तोच बाजूला राहिला. 2014 मध्ये केंद्राने मधला मार्ग काढला. उपकेंद्रातल्या नर्सबाईने जेंटामायसिनचा पहिला डोस आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन देऊन बाळाला पुढे पाठवायचं, आणि घरच्यांनी नकार दिला किंवा नेणं शक्यच नसेल तर 7 दिवसांचा कोर्स तिनेच पूर्ण करायचा. पुढच्याच वर्षी आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या चाचण्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही याच धर्तीची शिफारस आली. नर्सबाईला परवानगी मिळाली हे चांगलंच झालं. पण एका उपकेंद्राखाली अनेक गावं येतात. सात दिवस रोज त्याच घरी पोचणं तिला कितपत जमेल, हा प्रश्न तेव्हाही होता.

सुरक्षिततेचा खरा कस हिशोबात लागतो. किलोमागे 5 मिलिग्रॅम धरले तर दोन किलोच्या बाळाला 10 मिलिग्रॅम लागतात. मोठ्यांच्या कुपीत एका मिलिलिटरमध्ये 40 मिलिग्रॅम असतात, म्हणजे पाव मिलिलिटर. लहान मुलांच्या, मिलिलिटरला 10 मिलिग्रॅमच्या कुपीतून मात्र पूर्ण एक मिलिलिटर. कुप्यांची अदलाबदल झाली तर डोस चौपट होऊ शकतो. म्हणून कुपीवरची ताकद वाचणं, त्याच दिवशी वजन करणं, एक मिलिलिटरची बारीक खुणांची सिरिंज वापरणं, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला टोचणं आणि दिवस मोजून थांबणं यावर सगळं अवलंबून आहे. दिवसातून एकदाच द्यायची पद्धत रूढ झाल्यावर हे सोपं झालं: रक्तात एकदम चढलेल्या पातळीने जंतू मरतात, आणि मधल्या तासांत ती उतरल्याने मूत्रपिंडाला उसंत मिळते.

अलीकडे मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत जेंटामायसिनला न जुमानणारे क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू वाढले आहेत. त्यांचा दाखला देऊन गावातली सुईही बंद करा असं कोणी म्हणालं, तर ते पटण्यासारखं नाही. घरी राहिलेल्या बाळाचा जंतुदोष बऱ्याचदा वेगळ्या जंतूंचा असतो, आणि त्याचं रक्त तपासायची सोय त्या घरापासून कैक कोस दूर असते.