गुन्हा दाखल होणे आणि गुन्हा सिद्ध होणे: नोकरी देणाऱ्याने जपायचा फरक

नोकरीच्या अर्जात ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी आहे का?’ असा एकच प्रश्न असतो, तेव्हा कायद्याने वेगळ्या ठेवलेल्या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि तिची झळ उमेदवाराला बसते.

प्रथम खबर (एफआयआर) म्हणजे दखलपात्र, म्हणजे पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याबद्दल पोलिसांना मिळालेली आणि त्यांनी नोंदवलेली माहिती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली नोंदवली जाते. तिच्यात नाव आले तरी तपास, दोषारोपपत्र आणि साक्षीपुरावे हे सारे पुढेच असते, आणि शेवटी निर्दोष सुटका होऊ शकते. दोषसिद्धी हा मात्र न्यायालयाचा निष्कर्ष असतो. संविधानही हा फरक मानते: ज्या वर्तनामुळे फौजदारी आरोप सिद्ध झाला, त्यासाठी सरकारी कर्मचाऱ्याला अनुच्छेद ३११(२) च्या परंतुकानुसार (म्हणजे त्यातील अपवादाच्या तरतुदीनुसार) विभागीय चौकशीविना बडतर्फ करता येते, नुसता गुन्हा दाखल झाल्याने ही मुभा मिळत नाही.

दोषसिद्धी झाली म्हणजे दार कायमचे बंद झाले, असेही नाही. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ३ किंवा ४ खाली ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या व्यक्तीला कलम १२ नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. बालवयातील प्रकरणांना, काही गंभीर अपवाद वगळता, बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम २४ असेच संरक्षण देते. इतरांच्या बाबतीत गुन्हा कोणता, तो घडून किती काळ लोटला आणि त्याचा प्रत्यक्ष कामाशी संबंध काय, हे तपासणे मालकाचे काम आहे. अपहाराची शिक्षा रोखपालाच्या जागेसाठी जितकी महत्त्वाची ठरते, तितकी ती माळ्याच्या जागेसाठी ठरू नये, असे मला ठामपणे वाटते.

माहिती दडवणे हा आणखी निराळा प्रश्न आहे. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जी माहिती नेमकेपणाने विचारली होती तीच न दिल्यास दडवल्याचा ठपका ठेवता येतो, मात्र क्षुल्लक प्रकरण असल्यास मालक ती चूक माफ करू शकतो. उमेदवाराने सारे खरे सांगितले तरी पूर्ववृत्त विचारात घेण्याचा मालकाचा अधिकार न्यायालयाने कायम ठेवला.

म्हणून अर्जात दोन स्वतंत्र प्रश्न हवेत: ‘आपल्याविरुद्ध फौजदारी खटला प्रलंबित आहे का?’ आणि ‘न्यायालयाने आपल्याला कोणत्या गुन्ह्यात, केव्हा दोषी ठरवले आहे?’ दोन्ही उत्तरांखाली उमेदवाराला आपली बाजू मांडण्यासाठी मोकळी जागाही ठेवावी.