एकल पालकांच्या पाल्यांसाठी आरटीई प्रवेश : पुण्यात अर्ज करण्यापूर्वी

शिक्षण हक्क कायदा (आरटीई), 2009 मधील कलम 12(1)(क) नुसार खाजगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशस्तरावरील 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांना द्याव्या लागतात. त्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती शासन शाळेलाच करते. त्यामुळे पालकाच्या हाती रक्कम येत नाही, मात्र आठवीपर्यंत शिक्षण शुल्काचा भार राहत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या तरतुदीतून वगळलेल्या असल्याने कॅम्पातील नामांकित कॉन्व्हेंट यादीत शोधण्यात वेळ घालवू नये.

विधवा, घटस्फोटित किंवा एकट्याने मूल सांभाळणाऱ्या पालकांसाठी यात वेगळा कोटा नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असावे, अथवा मूल अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग अशा वंचित घटकांपैकी असावे. या दुसऱ्या गटाला उत्पन्नाची अट नाही. फरक पडतो तो कागदपत्रांत. अर्जात एकल पालकत्वाचा पर्याय निवडल्यास त्याच पालकाची कागदपत्रे ग्राह्य धरली जातात. म्हणजे विधवेने पतीचा मृत्यू दाखला, घटस्फोटितेने न्यायालयाचा निर्णय आणि घटस्फोटाचा दावा चालू असलेल्या महिलेने तो न्यायप्रविष्ट असल्याचा पुरावा जोडायचा, आणि उत्पन्नाच्या आधारे अर्ज असल्यास सोबत स्वतःच्या नावाचा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला द्यायचा. हा दाखला मिळायला दिवस लागतात, म्हणून अर्ज सुरू होण्याची वाट न पाहता तो आधीच काढावा.

खरी अडचण रहिवासी पुराव्याची असते. माहेरी परतलेल्या स्त्रीचे नाव बहुधा सासरच्या शिधापत्रिकेवर आणि वीजबिल वडिलांच्या नावावर असते. भाड्याने राहत असल्यास दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला भाडेकरार लागतो, केवळ नोटरी केलेला चालत नाही. आणि तो अर्ज भरण्याआधीचा हवा. ऑनलाइन अर्जातील नकाशावर घराचे स्थान दाखवतानाही घाई करू नये, कारण शाळेचे अंतर त्यावरूनच मोजले जाते. शाळा जास्तीत जास्त दहा निवडता येतात. एकाच मुलाचे दोन अर्ज भरले, तर संधी वाढण्याऐवजी अर्ज बाद होण्याची वेळ येते.

प्रवेशासाठी काढल्या जाणाऱ्या सोडतीत नाव आल्यावर मूळ कागदपत्रांसह ठरलेल्या मुदतीत पडताळणी समितीपुढे जावे. लघुसंदेशावर विसंबून न राहता अर्जाची स्थिती संकेतस्थळावर स्वतः पाहावी.

गणवेश, प्रवास यांसारख्या खर्चासाठी बालसंगोपन योजनेचा (एकल पालकांच्या मुलांनाही मासिक मदत देणारी शासकीय योजना) स्वतंत्र अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करता येतो. बालकल्याण समितीच्या आदेशानंतर मुलामागे दरमहा 2,250 रुपये मिळतात.